घासून लाल झालेल्या चेहऱ्यावर आणखी काही लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी आणि लग्नसराई जवळ आली की पुरवण्यांत आणि मोबाइलवर घरगुती स्क्रबच्या कृतींना ऊत येतो. साखर-लिंबू, कॉफी-मध, तांदळाचे पीठ-दही, कुठे कुठे चक्क खायचा सोडा. त्याच घरातल्या न्हाणीघराच्या फळीवर त्वचेचा वरचा थर सोलणारे ग्लायकोलिक अ‍ॅसिडचे सीरम आणि सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा फेसवॉशही असतो. हे सगळे एकाच चेहऱ्यावर होते, आणि चेहरा लाल होऊन भगभगू लागल्यावर काय करायचे हे कोणत्याच कृतीखाली छापलेले नसते. ते आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र लिहीत आहोत. आमचा आग्रह एका गोष्टीचा आहे: अशा चेहऱ्यावर जितके कमी लावाल तितका तो लवकर भरून येतो.

आधी ओळख. त्वचा गरजेपेक्षा जास्त सोलली गेल्याची पहिली खूण लाली नसते. साधे पाणी किंवा रोजचे मॉइश्चरायझर झोंबू लागते, ही पहिली खूण. चेहरा धुतल्यावर ओढल्यासारखा वाटतो, नाकपुड्यांच्या कडेला आणि ओठांच्या कोपऱ्यांत पापुद्रे सुटतात, बारीक पुरळ उठते. कपाळ आणि गाल तुकतुकीत दिसू लागतात. या शेवटच्या खुणेवर बहुतेक जण फसतात. ही चमक 'ग्लो' समजून स्क्रब चालूच ठेवला जातो; खरे तर वरचा थर इतका पातळ झालेला असतो की उजेड गुळगुळीत पृष्ठभागावरून परततो. चकाकी आणि चुरचुर एकत्र दिसली की त्याच दिवशी थांबायला हवे.

हा वरचा थर चेहऱ्यावर साधारण एक शतांश मिलिमीटर जाडीचा असतो. चपट्या मृत पेशी आणि त्यांच्यामधली चरबी, एवढाच तो. या चरबीत सुमारे निम्मे सेरामाइड नावाचे स्निग्ध पदार्थ असतात, पाव भाग कोलेस्टेरॉल आणि उरलेली बहुतांशी मेदाम्ले. आतले पाणी हाच थर धरून ठेवतो आणि बाहेरचे जंतू, धूळ, सुगंधी द्रव्ये हाच अडवतो. त्याचा सामू म्हणजे पीएच (आम्लतेचे माप; ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली) ५ च्या आसपास असतो. अंगाच्या साबणाचा सामू ९ ते १०, खायच्या सोड्याच्या पाण्याचा ८ च्या वर, तर लिंबाच्या रसाचा २ ते २.५. म्हणजे सोडा एका टोकाला ओढतो आणि लिंबू दुसऱ्या टोकाला. लिंबाचा आणखी एक धोका आहे: त्याचा रस अंगावर राहून ऊन लागले तर काहींच्या त्वचेवर फोड येतात आणि मागे महिनोन्‌महिने न जाणारे काळे ओघळ राहतात. साखरेच्या आणि मिठाच्या कणांना धारदार कोपरे असतात. डोळ्यांना न दिसणारे ओरखडे त्यांनीच पडतात.

आपण नेमके किती सोलतो, याचा हिशेब सहसा चुकतो, कारण मोजला जातो फक्त स्क्रब. सकाळी सॅलिसिलिकचा फेसवॉश, मग ग्लायकोलिकचे टोनर, रात्री रेटिनॉल (व्हिटॅमिन ए चा एक प्रकार) किंवा मुरमांसाठी दिलेले अ‍ॅडापॅलीन, रविवारी चेहऱ्यावरची लव काढायचा रेझर, महिन्यातून एकदा पार्लरमध्ये डी-टॅन आणि ब्लीच. यातली प्रत्येक गोष्ट वरचा थर थोडा थोडा उतरवते किंवा कमकुवत करते. घरी वापरायच्या ग्लायकोलिक किंवा लॅक्टिक अ‍ॅसिडसाठी १० टक्के प्रमाण आणि ३.५ पेक्षा कमी नसलेला सामू ही अमेरिकेतल्या प्रसाधन-घटक तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीने सांगितलेली मर्यादा आहे. ऑनलाइन मात्र ३० टक्क्यांचे पील, म्हणजे त्वचा सोलणारी तीव्र द्रावणेही, सहज मिळतात, आणि दहा मिनिटे लावायचे ते 'अजून थोडे' म्हणत अर्धा तास ठेवले जातात.

आता उपचार. अ‍ॅसिड लावले असताना आग होऊ लागली तर ते लगेच नळाच्या वाहत्या गार पाण्याने धुवा. निदान १५ ते २० मिनिटे धुवा, डोळे मिटून ठेवा. अ‍ॅसिड मारायचे म्हणून वर सोडा चोळू नका. सोड्याचे कण त्वचेला पुन्हा घासतात. नंतर मऊ सुती कापड, जुने धुवट मलमल असेल तर उत्तम, पिण्याच्या गार पाण्यात भिजवून हलके पिळा आणि चेहऱ्यावर ५ ते १० मिनिटे ठेवा. दिवसातून तीन-चार वेळा पुरे. बर्फ थेट लावू नका. बधिरपणामुळे बरे वाटते, पण कमकुवत त्वचेला थंडीनेही भाजल्यासारखी इजा होते. कापड काढल्यावर चेहरा टिपून घ्या, पुसू नका, आणि ओलसर असतानाच दोन-तीन मिनिटांच्या आत मॉइश्चरायझर लावा. तसेच वाळू दिले तर त्वचा आधीपेक्षा कोरडी होते, आणि मग लोक म्हणतात की ओल्या कापडाचा गुण आला नाही.

मॉइश्चरायझर सुगंधविरहित हवे. घटकांत ग्लिसरीन, सेरामाइड, पँथेनॉल, पेट्रोलेटम दिसले तर चांगले. युरिया, लॅक्टिक अ‍ॅसिड, मेंथॉल, कापूर, निलगिरी तेल दिसले तर ते सध्या बाजूला ठेवा. युरिया आणि लॅक्टिक अ‍ॅसिड एरवी कोरड्या पायांना उपयोगी, पण सोललेल्या गालाला झोंबतात. प्रमाण असे: तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली क्रीमची रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते, चेहरा आणि मान मिळून अडीच रेघा, दिवसातून दोन ते तीनदा. साधे मॉइश्चरायझरही मिनिटभराहून जास्त झोंबत राहिले तर धुऊन टाका आणि दोन-तीन दिवस फक्त पांढरी पेट्रोलियम जेली वापरा. वाटाण्याएवढी जेली तळहातांवर पसरवून चेहऱ्यावर दाबत दाबत लावली की पुरते. पाणी उडून जाण्यापासून इतके चांगले आणि इतके स्वस्त संरक्षण दुसरे नाही. कोकण-मुंबईच्या दमट हवेत दिवसा ती जड वाटते आणि घाम साचतो, म्हणून तिथे ती फक्त रात्री.

सकाळी चेहरा नुसत्या पाण्याने धुवा. संध्याकाळी सुगंध नसलेला, साबणविरहित सौम्य क्लीन्झर अर्धा मिनिट, बोटांच्या टोकांनी. गीझरचे कढत पाणी नको. बोअरचे जड पाणी असेल तर क्लीन्झरनंतरचे शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे घ्या, कारण जड पाण्यातले क्षार क्लीन्झरशी मिळून त्वचेवर बसतात. पुरुषांनी चार-पाच दिवस दाढी करू नये. सलूनमध्ये तुरटी आणि आफ्टरशेव्हला स्पष्ट नाही म्हणावे. थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच बंद. रेटिनॉल, व्हिटॅमिन सी, बेन्झॉइल पेरॉक्साइड बंद. यातले काही डॉक्टरांनी लिहून दिलेले असेल तर त्यांना विचारून थांबवा. पापुद्रे ओढून काढू नका. दुचाकीवर तोंडाला बांधायचा स्कार्फ कृत्रिम धाग्याचा असेल तर तो गालावर दिवसभर घासतो. मऊ सुती घ्या आणि रोज धुवा. चुलीशी, तव्याशी फार वेळ उभे राहिलात आणि घाम आला तर साध्या पाण्याने चेहरा ओला करून टिपा. घामातले मीठही या दिवसांत झोंबते.

घरातल्या उपायांबद्दल स्पष्ट लिहितो, कारण आग झाल्यावर हात पहिल्यांदा तिकडेच जातो. कोरफडीच्या ताज्या पानाच्या सालीखाली पिवळसर चीक असतो आणि तो स्वतःच खाज आणतो. पान कापून पंधरा-वीस मिनिटे उभे ठेवून चीक निथळू दिला, गर धुऊन घेतला आणि आधी कानामागे लावून पाहिला, तरच त्याचा विचार करावा. फुटलेल्या, ओल्या त्वचेवर तोही नको. हळद, चंदन, मुलतानी माती वाळताना ओलावा शोषतात आणि काढताना पुन्हा घासावे लागते. बाजारच्या गुलाबपाण्यात बहुधा सुगंध आणि संरक्षक द्रव्ये असतात. टूथपेस्ट कधीच नाही. खोबरेल तेल कोरड्या हातापायांना चालते. मुरमे येणाऱ्या चेहऱ्यावर त्याने छिद्रे बुजू शकतात.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती औषधाच्या दुकानातून मागून आणलेल्या मलमांची. चेहरा लाल झाला म्हटले की बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असलेली, वर बुरशीनाशक आणि प्रतिजैविकही मिसळलेली ट्यूब हातात पडते. दोन दिवसांत लाली जाते आणि औषध लागू पडले असे वाटते. सोललेली त्वचा ते स्टिरॉइड नेहमीपेक्षा जास्त शोषते. काही आठवड्यांनी ट्यूब थांबवली की लाली दुपटीने परतते, म्हणून ती पुन्हा लावली जाते. पुढे त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसतात, मुरमे आणि लव वाढते. भारतात हा प्रकार इतका वाढला की इथल्या त्वचारोगतज्ज्ञांना त्याला स्वतंत्र निदान म्हणून नाव द्यावे लागले, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई असलेल्या अनुसूची 'एच'मध्ये आणली. तरीही ती मागितली की मिळतात. सौम्य हायड्रोकॉर्टिसोन काही वेळा थोडे दिवस लागते, पण ते डॉक्टरांनी पाहून, दिवस मोजून द्यायचे औषध आहे.

ऊन हा दुसरा मोठा प्रश्न. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत दाह झाला की रंगद्रव्य जास्त तयार होते आणि लाली गेल्यावर तपकिरी डाग उरतात. टॅन घालवायला घासलेला चेहरा आधीपेक्षा काळवंडतो तो यामुळेच. पहिले दोन-तीन दिवस सनस्क्रीनही झोंबत असेल तर ते लावू नका. छत्री, रुंद काठाची टोपी, सुती ओढणी वापरा आणि ११ ते ४ उन्हात जाणे टाळा. नंतर झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचे, एसपीएफ ३० किंवा जास्त असलेले सनस्क्रीन दोन बोटांवर लांब रेघा काढून चेहरा-मानेला लावा. डाग पडू लागले असतील तर रंगछटेचे, आयर्न ऑक्साइड असलेले घ्या, ते दृश्य प्रकाशही अडवते. ग्लायकोलिकसारख्या अ‍ॅसिडमुळे वाढलेली उन्हाची संवेदनशीलता ते थांबवल्यावरही आठवडाभर राहू शकते.

बरे व्हायला किती दिवस? एकदाच जोरात घासले गेले असेल तर तीन-चार दिवस. महिनोन्‌महिने सोलले गेले असेल तर दोन ते चार आठवडे, चाळिशीनंतर त्याहून जास्त, कारण तरुण त्वचेतही नवी पेशी तळापासून वर येऊन गळून पडायला महिनाभर घेते. पाचव्या दिवशी बरे वाटते म्हणून सीरम पुन्हा काढले की सगळे पहिल्यापासून. काहीही न झोंबता सलग दोन आठवडे गेल्यावरच, हवे असेल तर, ५ टक्के लॅक्टिक किंवा मँडेलिक अ‍ॅसिड आठवड्यातून एकदा, रात्री, आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून बघून. त्या रात्री रेटिनॉल नाही आणि त्या आठवड्यात स्क्रब नाही.

दिवाळीच्या उटण्याला आमचा विरोध नाही. अभ्यंगात आधी तेल जिरवतात आणि उटणे ते तेल उतरवायला लावतात; तेलामुळे घर्षण कमी होते. उटणे वस्त्रगाळ असावे, दुधात किंवा पाण्यात चांगले भिजवावे, चेहऱ्यावर फक्त टेकवून धुवावे. कोरडे उटणे रोज चेहऱ्यावर रगडणे हा वेगळाच प्रकार आहे, आणि आदल्या रात्री अ‍ॅसिड लावलेले असेल तर त्या पहाटे चेहरा वगळावा.

आणखी एक, आयांसाठी विशेषतः. मुलांची मान काळी दिसते म्हणून ती वज्रीने घासली जाते. मानेची, काखेची मखमलीसारखी जाडसर काळी त्वचा बहुधा मळ नसतो. वाढलेल्या वजनाशी आणि शरीरात इन्सुलिन नीट काम न करण्याशी तिचा संबंध असतो. तिथे रक्तातली साखर तपासायला हवी. पाठीवर, खांद्यांवर, नडगीवर नायलॉनच्या जाळीने वर्षानुवर्षे घासले तर हाडाच्या उंचवट्यांवर घर्षणामुळेच काळे पट्टे उमटतात. ते पाहून लोक आणखी जोरात घासतात.

फोड आले, पाणी किंवा पू वाहू लागला, मधासारखी पिवळी खपली धरली, पापण्या सुजल्या, ताप आला, ओठांभोवती पुंजक्याने बारीक फोड उठले, किंवा आठवडाभर वरील काळजी घेऊनही लाली हटत नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. मधुमेह असेल किंवा मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर वाट पाहू नका. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग बाह्यरुग्ण विभाग असतो. जाताना चेहऱ्याला लावलेल्या सगळ्या बाटल्या, ट्यूब, घरच्या स्क्रबमध्ये काय काय घातले त्याची यादी सोबत न्या, आणि त्या दिवशी चेहऱ्यावर मेकअप किंवा मलम लावून जाऊ नका.

आपले,
दोन त्वचारोगतज्ज्ञ, पुणे