काका, सत्कार नको म्हणालात म्हणून हे पत्र

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

सत्काराचा विषय निघाला की तुम्ही चष्मा पुसायला घेता आणि म्हणता, "शाल-श्रीफळाचे पैसे मेडिकलवाल्याला द्या, त्याची बाकी राहिलीय." गेल्या खेपेला आम्ही गुपचूप कंदी पेढे आणले, तर तो बॉक्स तुम्ही स्वयंपाकाच्या मावशींच्या नातवाच्या हातात ठेवून मोकळे झालात. म्हणून हे पत्र, तेही चारचौघांसमोर. तुम्ही वैतागणार, ते ठाऊक आहे. पण साताऱ्यात एमआयडीसीच्या मागे, पत्र्याच्या शेडमधल्या आपल्या भटक्या कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये तुम्ही काय काम उभं केलंत हे कुठेतरी लिहिलेलं असावं. नोंद नसली की गोष्ट झालीच नाही असं तुम्हीच म्हणता.

स्वयंसेवक आपल्याकडे येतात, नाही असं नाही. रविवारी तर फाटकाबाहेर गाड्या लावायला जागा नसते. पिल्लांबरोबर फोटो होतात, जुन्या चादरी येतात, मुदत संपलेली बिस्किटं येतात, कुणाच्या तरी वाढदिवसाचा चॉकलेट केकही येतो. चॉकलेट कुत्र्याला बाधतं अशी पाटी लावली, तरी येतो. मंगळवारी सकाळी तिरका पाऊस आत येत असताना पिंजरे धुवायला मात्र दोघं-तिघंच असतात. ज्याला जेवढं जमतं त्यानं तेवढं करावं, माझी तक्रार नाही. पण शेल्टर तगतं ते मंगळवारच्या माणसांवर, आणि तुम्ही पहिल्या दिवसापासून मंगळवारचे.

आठवतंय ना, तुम्ही आला होतात तुमच्या मोतीची उरलेली औषधं द्यायला. पिशवी माझ्या हातात देताना तुम्ही विचारलंत, "ही कुठे जमा करणार? स्टॉकची वही बघू." मी कॅलेंडरकडे बोट दाखवलं. आमचा सगळा कारभार त्या कॅलेंडरच्या पाठीवर चालायचा. तुम्ही काही बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी दोनशे पानी रजिस्टर, फूटपट्टी आणि लाल-निळी पेनं घेऊन हजर. पतसंस्थेत उभी हयात कॅशिअर म्हणून काढलेला माणूस, कुत्र्यांच्या भुंकण्यात बसून रकाने आखतोय हे बघून आम्ही तोंडं लपवून हसलो होतो. कुत्रा कधी आला, कुणी आणला, कुठून आणला, कुठल्या खोलीत ठेवला, वजन, ताप, औषध, पुढची तारीख. नावाचा रकाना तुम्ही शेवटी ठेवला होतात.

गेटजवळच्या खोलीची हकीकत तर सगळ्यांना सांगायलाच हवी. नवी पिल्लं तिथे ठेवायची रीत होती, कारण मोठ्या कुत्र्यांपासून लांब आणि सकाळचं ऊन येतं. थोडे दिवस गेले की त्यातलं एखादं खाणं सोडायचं, मग उलट्या, मग रक्ताचे जुलाब आणि तो वास. पार्व्हो, पिल्लांच्या आतड्यांना धरणारा विषाणूचा रोग. तो वास एकदा नाकात गेला की माणूस आयुष्यात विसरत नाही. सलाईन, उलटीचं इंजेक्शन, अँटिबायोटिक, गरम पाण्याच्या बाटल्या, रात्रभर जागरण. काही वाचायची, बरीच जायची. रस्त्यावरची पिल्लं, आईला लस नाही, रोग बाहेरूनच घेऊन येतात, असंच सगळे धरून चालले होते.

तुम्ही वही उघडून डॉक्टरांसमोर बसलात. "साहेब, ही कोडोलीची, ही वाढे फाट्याची, ही कोरेगाव रोडची. एकमेकांना कधी भेटलेली नाहीत. येताना धडधाकट, आणि आल्यावर चार-सहा दिवसांत आडवी. खोली तेवढी एक. त्या खोलीत काय आहे?"

डॉक्टर बराच वेळ त्या रकान्यांवरून बोट फिरवत होते. मग त्यांनी समजावून सांगितलं ते आम्हाला अर्धवटच माहीत होतं. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही टिकतो. आपण रोज हौसेनं टाकत होतो त्या फिनेलला तो जुमानत नाही. त्याला लागतं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, एकाला तीस पाणी, आणि फरशी दहा मिनिटं ओली राहू द्यायची. पण जमीनच मातीची असेल तर ब्लीचही फुकट, माती आणि घाण त्याचा जोर मारून टाकते. म्हणजे आधी कोबा हवा.

कोब्याला पैसे कुठले? त्याच आठवड्यात एक गृहस्थ आईच्या नावाचं सिमेंटचं बाकडं द्यायला आले होते. आम्ही हो म्हणून बसलो असतो. तुम्ही त्यांना त्या खोलीच्या दारात नेलंत, वही दाखवलीत आणि म्हणालात, "बाकडं कशाला, ही जमीन करून द्या. पाटी मी स्वतः लावून देतो." पाटी लागली. त्या खोलीसाठी वेगळी चप्पल, वेगळी बादली, वेगळा पोछा आला, आणि आत कुणी कधी गेलं ते लिहायला दोरीनं बांधलेलं पेन. पार्व्हो काही हद्दपार झाला नाही. आजही उन्हाळ्यात आजारी पिल्लं येतात आणि त्यातली काही जातात. पण धडधाकट आलेलं पिल्लू आपल्याच खोलीत आजारी पडायचं, ते थांबलं. पिल्लांना सहाव्या ते आठव्या आठवड्यात पहिली लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांची होईपर्यंत, या तारखा आता तुमच्या लाल शाईत असतात आणि त्या चुकवायची कुणाची टाप नाही.

टाप नाही म्हणजे खरंच नाही. तुमचा त्रासही होतो, काका, लिहितेच आता. लसीच्या फ्रीजचं तापमान सकाळ-संध्याकाळ लिहायचं, दोन ते आठ अंशांच्या बाहेर गेलं की कारण लिहायचं, आणि "लाईट गेली होती" एवढं पुरत नाही, किती वाजता गेली आणि किती वाजता आली तेही हवं. कॉलेजची पोरं तुम्हाला पाठीमागे काय म्हणतात ते इथे लिहीत नाही. पण त्याच पोरांना रेबीजची आगाऊ लस घेतल्याशिवाय कुत्र्यांना हात लावू द्यायचा नाही, हा नियम तुमचाच. पहिला दिवस, सातवा दिवस, एकविसावा किंवा अठ्ठाविसावा. पोरांच्या तारखाही कुत्र्यांच्याच रजिस्टरात मागच्या पानांवर आहेत, ते त्यांना अजून कळलेलं नाही.

सगळ्यांत जड काम तुम्ही अंगावर घेतलंत ते फोनचं. आपल्यासारख्या ठिकाणी पैसे संपतातच, पण त्याआधी जागा संपते. आणि फोनवर रडणाऱ्या माणसाला नाही म्हणायचं कुणी? आम्ही हो म्हणायचो, आणि एका खोलीत चारच्या जागी सात कुत्री व्हायची, मग भांडणं, मग खरूज एकाची सगळ्यांना. तुमचे प्रश्न मात्र ठरलेले असायचे. जखमी आहे का? उठून चालतो का? कानाला खाच आहे का, म्हणजे नसबंदी झालीय का? खायला कोण घालतं? धडधाकट कुत्रा असेल तर तुम्ही आवाज न चढवता सांगायचात की प्राणी जन्म नियंत्रणाचे नियम २००१ पासून आहेत, २०२३ मध्ये नवे आले, आणि दोन्हींत एकच सांगितलंय: नसबंदी करा, लस द्या, जिथून उचललं तिथेच सोडा. ती जागा रिकामी केली की दुसरी, नसबंदी न झालेली कुत्री तिथे येऊन बसतात.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये तर त्या फोननं उच्छाद मांडला होता. ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली आणि आसपासच्या भागातली भटकी कुत्री शेल्टरमध्ये नेण्याचा आदेश दिला, आणि साताऱ्यातले लोक आपल्याला विचारायला लागले की गाडी कधी पाठवताय. २२ तारखेला आदेश बदलला: नसबंदी आणि लस झालेली कुत्री परत सोडायची, रेबीजची किंवा आक्रमक असलेली सोडून. ती बातमी कात्रीनं कापून तुम्ही फोनशेजारी चिकटवलीत आणि प्रत्येकाला वाचून दाखवलीत. नोव्हेंबरात शाळा, दवाखाने, बसस्टँड यांच्याबद्दल वेगळा आदेश आला, तेव्हा तिथली कुत्री ठेवायची कुठे, हा प्रश्न तुम्हालाही सुटला नाही, आणि तुम्ही तसं सरळ सांगितलंत. फोनवरच्या लोकांना उत्तर मिळालं नाही, पण बनवाबनवीही झाली नाही.

आणि तो संतापून आलेला बाप. आम्ही सगळे फाटकाआड उभे होतो, कारण तो शिव्या देतच आला होता. त्याच्या पोराच्या पोटरीला कुत्रं चावलं होतं आणि घरच्यांनी जखमेत मिरचीपूड भरली होती. कुत्रं आपलं नव्हतं, पण हे सांगून तो ऐकणार नव्हता. तुम्ही सांगितलंही नाहीत. पोराला नळाखाली बसवलंत, साबण घेतलात, आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं जखम धुतलीत. तो बाप बडबडत होता, पोरगं भोकांड पसरत होतं, तुम्ही धूत होतात. मग तुमच्या स्कूटरवरून दोघांना सिव्हिलला घेऊन गेलात, लस फुकट मिळते हे त्याला माहीतच नव्हतं. पुढच्या प्रत्येक डोसच्या आदल्या दिवशी तुम्ही त्याला फोन केलात. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की औषध नाही, हे तुम्ही त्याला कसं सांगितलंत कोण जाणे, पण त्यानं एकही डोस चुकवला नाही. त्या माणसाला कुत्री आजही आवडत नाहीत. का आवडावीत? पण आपण त्याच्या आळीत लसीकरणाला गेलो तेव्हा कुठली कुत्री कुठे झोपतात ते अंधारात टॉर्च घेऊन त्यानंच दाखवलं.

खंबाट्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण ते तुम्ही स्वतःच सगळ्यांना रंगवून सांगता. महामार्गावर गाडीनं उडवलेला, मागचा पाय लोंबता. साठेक किलोमीटरवर शिरवळला, क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात त्याला न्यायचं ठरलं. टेम्पोत मागे बसून सलाईनची बाटली तुम्ही हातात धरून ठेवली होती, खंबाटकीचा बोगदा संपेपर्यंत. पाय काढावा लागला. परत येताना तुम्ही डॉक्टरांनी लिहिलेल्या प्रत्येक औषधापुढे ते कशासाठी आहे ते मराठीत लिहून घेतलं होतंत. तो कागद मावशींनी चुलीवरच्या भिंतीला लावला, म्हणून कणी आणि कोंबडीच्या पाय-मुंडक्यांचं पातेलं ढवळता ढवळता त्यांनी एकही गोळी चुकवली नाही. तीन पायांवर तो आता इतका पळतो की फाटक उघडं राहिलं की आधी त्यालाच शोधावं लागतं.

पैशाचं काय लिहू! "पावती फाडल्याशिवाय पन्नास रुपयेही घ्यायचे नाहीत" हे वाक्य आम्हाला झोपेतही ऐकू येतं. आयकरात ८०जी खाली सवलत हवी असेल तर दोन हजारांवर रोख चालत नाही, चेक द्या किंवा खात्यावर टाका, हे तुम्ही भल्याभल्यांना तोंडावर सांगितलंत. एकजण नोटांचं पुडकं परत घेऊन गेले तेव्हा आमच्या पोटात गोळा आला होता. नंतर त्यांनी तेवढेच पैसे खात्यावर पाठवले आणि आता दरवर्षी पाठवतात. ३१ मेच्या आत देणगीदारांचं विवरण भरायचं, धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यायचा, या गोष्टी करायला प्राणिप्रेमी सहसा मिळत नाहीत. कुत्र्याच्या जखमेतल्या अळ्या काढणारे मिळतात, पण ऑडिटचं नाव काढलं की पळतात. मी धरून.

आता मुद्द्याचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे आणि डॉक्टरांनी महिनाभर धूळ, केस, कुत्री, सगळ्यांपासून लांब राहायला सांगितलंय, हे काकूंनी मला फोन करून कळवलं. तुम्ही आम्हाला फक्त "जरा बाहेरगावी जातोय" असं सांगितलं होतंत. फाटकावर सगळ्यांना बजावून ठेवलंय की काका आले तरी आत घ्यायचं नाही. रजिस्टर घरी पाठवणार नाही, मागू नका. कॉलेजच्या पोरांनी रकाने वाटून घेतलेत, लाल पेन मावशींकडे आहे. संध्याकाळी काकूंच्या मोबाईलवर एकदा फोन करीन तेव्हा काय विचारायचं ते विचारा. फ्रीज आज सकाळी चार अंशांवर होता, लाईट सहा दहाला गेली आणि सहा चाळीसला आली.

काकूंना नमस्कार.

आपली,
शेल्टरवरची मुलगी, मावशी आणि मंगळवारची मंडळी