वाहतूकमंत्र्यांस खुले पत्र: नवं अ‍ॅप राहू द्या, आधी टायमिंग द्या

मा. वाहतूकमंत्री,
गोवा सरकार, पर्वरी यांस
स. न. वि. वि.

मी दिवाडी बेटावरचा. पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि सुटीच्या दिवशी एक प्रोग्राम जुळवत बसतो. कुठून कुठे जायचं ते सांगितलं, की बस, फेरीबोट, रेल्वे, पायलट (म्हणजे भाड्याची मोटरसायकल) यांची सांगड घालून त्याने वाट दाखवायची. गेल्या पावसाळ्यात त्याने माझ्याच मामाची गाडी चुकवली.

मामाला करमळीला गाडी धरायची होती. दिवाडीला पूल नाही. फेरीने पलीकडे जुने गोवे गाठायचं, तिथून पायलट केला की स्टेशन. नदी ओलांडायला पाचेक मिनिटं, तेवढीच मी धरली होती. पण आपण धक्क्यावर पोचतो तेव्हा फेरी नेमकी समोरच्या काठाला मोटारी उतरवत असते, हे माझ्या प्रोग्रामला कुठे ठाऊक? मामाला शेवटचा डबा तेवढा दिसला. तेव्हापासून तो मला ‘इंजिनियर’ म्हणतो, आणि त्यात कौतुक नसतं.

चूक माझीच. मोटारीची वाट काढणं सोपं, रस्ता रात्री दोनलाही रस्ताच असतो. बस-फेरीची वाट ठरल्या मिनिटालाच उघडते. ते मिनिट हुकलं की पुढचं सगळं गणित नव्याने. त्यासाठी नुसता नकाशा पुरत नाही, वेळा लागतात.

त्या आणायच्या कुठून? कदंबच्या, म्हणजे सरकारी बसच्या, काही स्टँडवर विचारून घेतल्या. फेरीच्या धक्क्यावर बसून वहीत लिहिल्या. खासगी बसचं कोडं म्हापशाच्या स्टँडवर सुटलं. एक कंडक्टर पुढच्या गाडीवर थापा मारत ओरडत होता, “टायमिंग जालें, गाडी काड!” हे टायमिंग येतं परमिटमधून, आणि परमिट देतं आपलंच खातं. म्हणजे मी उन्हात उभा राहून जे वहीत उतरवतोय, ते आपल्या कपाटात फायलींत पडलेलं आहे.

ते साऱ्यांना वापरता येईल अशा ठरलेल्या साच्यात बाहेर काढा, एवढंच मागणं. साचा तयार आहे. अमेरिकेतल्या पोर्टलंडची ट्रायमेट ही वाहतूक संस्था आणि गूगल यांनी २००५ मध्ये त्याची सुरुवात केली. त्याला जीटीएफएस म्हणतात. नाव भारदस्त, आत मात्र साध्या मजकुराच्या फायली: थांबे, मार्ग, कुठल्या थांब्यावर किती वाजता, कुठल्या वारी. एक्सेल येणारा कारकून भरू शकेल. रेल्वेला त्यात २ हा आकडा, बसला ३ आणि फेरीबोटीला ४, म्हणजे आमची फेरीही साच्याबाहेर नाही. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याच्या फेस्ताला जादा गाड्या सोडल्या, तर अशा एकट्या तारखांसाठी वेगळी फाइल आहे. दिल्ली सरकारने २०१८ मध्येच आपल्या बसची माहिती अशी खुली केली.

फेरी नदी परिवहन खात्याची, रेल्वे केंद्राची, कदंब महामंडळाची, हे मला कळतं. मामाला त्याचं काय? त्याचा प्रवास एकच. कुणीतरी आधी सुरुवात करावी लागेल, आणि परमिटं आपल्याकडे आहेत.

नव्या अ‍ॅपची निविदा मात्र काढू नका, हात जोडतो. उद्घाटन होतं, पेपरात फोटो येतो, मग बदललेल्या वेळा त्यात कुणी भरत नाही. अ‍ॅप आम्ही लिहू. चौघांनी चार लिहिली तर लोक त्यातलं बरं ते ठेवतील.

थांब्यांच्या नावांचंही बघा. आपण डिचोली म्हणतो, रोमन पाटीवर असतं बिचोलिम. साखळीचं सांकेलिम, केप्याचं क्वेपेम, चोडणचं चोराव. माणसाला कळतं, यंत्राला ही दोन गावं वाटतात. माझ्या प्रोग्रामात काही दिवस डिचोलीहून बिचोलिमला जायला बस बदलावी लागत होती! खात्याने प्रत्येक थांब्याला एकच क्रमांक दिला, की नावं किती का असेनात.

फेरीच्या वेळांची माझी वही हवी असल्यास पर्वरीला आणून देईन. भेटीची वेळ तेवढी सकाळी अकराच्या पुढची द्यावी. मला फेरी धरून, पणजीत बस बदलून यायचं आहे.

आपला,
दिवाडीचा एक प्रोग्रामर