हार्डवेअरच्या दुकानातला जनरल

पिट्सबर्ग, रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, मागच्या महिन्यात तुम्ही फोनवर विचारलंत, "दुकान देऊन टाकू का?" मी तेव्हा गाडी चालवत होतो. "द्या की, काय ठेवलंय आता त्यात," म्हणून मोकळा झालो. तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात. ते "बरं" अजून कानातून गेलेलं नाही. फोनवर आपल्याला असलं काही बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

काल इथून जवळच्या इंडियाना नावाच्या गावी जाऊन आलो. राज्य वेगळं, हे पेन्सिल्व्हेनियातलं छोटं गाव. जुन्या इंग्रजी सिनेमातला तो उंच, काटकुळा, अडखळत बोलणारा नट, जिमी स्टुअर्ट, तिथला. कचेरीसमोर त्याचा पुतळा आहे, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर संग्रहालय. गेलो होतो नट बघायला, आणि भेटला हार्डवेअरवाल्याचा मुलगा.

हो. त्याच्या वडिलांचं, अलेक्झांडर स्टुअर्ट यांचं, गावात हार्डवेअरचं दुकान होतं. आजोबांपासून चालत आलेलं. मुलाने ते पुढे चालवावं अशी त्यांची इच्छा. मुलगा प्रिन्स्टनला आर्किटेक्चर शिकला आणि गेला नाटक-सिनेमात. 1941 साली त्याला ऑस्कर मिळालं, तर वडिलांनी सांगितलं, ते इकडे पाठव, दुकानात ठेवतो. ऑस्करची बाहुली वर्षानुवर्षं दुकानात होती! माझं दहावीचं पेपरातलं कात्रण तुम्ही वजनकाट्यामागच्या काचेखाली लावलं होतंत, ते आठवलं. मला तेव्हा भयंकर लाज वाटायची.

तो सैन्यातही होता हे मला ऐकून माहीत होतं. मला वाटलं, आपल्या तेंडुलकरला हवाई दलाने मानद ग्रुप कॅप्टन केलं, तसंच काहीतरी असणार. तसं मुळीच नव्हतं. 1935 पासून त्याच्याकडे विमान चालवायचा परवाना होता. आई-वडिलांना भेटायला यायचा तो स्वतः विमान उडवत, खाली रेल्वेचे रूळ बघत बघत. आई, हे तुझ्यासाठी: भरतीला गेला तर वजन कमी म्हणून परत पाठवलं. मग खाऊन खाऊन वजन वाढवलं आणि मार्च 1941 मध्ये साधा शिपाई म्हणून लागला. पगार महिना 21 डॉलर. पर्ल हार्बरला, म्हणजे जपानच्या हल्ल्याने अमेरिका दुसऱ्या महायुद्धात ओढली जायला, अजून आठ-नऊ महिने अवकाश होता, म्हणजे युद्ध गळ्याशी आलं म्हणून गेला असंही नाही.

सैन्याला तो प्रचाराला हवा होता. त्याला प्रत्यक्ष लढाईवर जायचं होतं. बराच काळ नव्या पोरांना शिकवण्यातच गेला. शेवटी मागे लागून लागून 1943 च्या अखेरीस इंग्लंडला टिबनमच्या तळावर पोचला, लिबरेटर बाँबफेकी विमानांच्या स्क्वाड्रनचा प्रमुख म्हणून. एका विमानात दहा माणसं, आणि स्वतः पस्तिशीचा. बाकीची बहुतेक विशीतली पोरं. जानेवारी 1944 मध्ये लुडविग्सहाफेनहून परतताना पुढची तुकडी रस्ता चुकली. यांनी वायरलेसवर सांगून पाहिलं, ते ऐकेनात. आपली विमानं सरळ घरी नेता आली असती. पण त्यांना एकटं सोडलं तर जर्मन विमानं टिपून काढतील, म्हणून हा जाणूनबुजून चुकीच्या वाटेने त्यांच्याबरोबर गेला. मला त्याच्या सगळ्या पदकांपेक्षा हे मोठं वाटलं. अधिकृत नोंद वीस मोहिमांची आहे. चार वर्षांत शिपायाचा कर्नल झाला.

पण ज्यासाठी हे सगळं लिहितोय ते वेगळंच आहे. परदेशी निघताना वडील त्याला निरोप द्यायला आले होते. दोघांनाही बोलता येईना. जाता जाता वडिलांनी एक पाकीट त्याच्या खिशात सरकवलं. आत बायबलमधलं एक्क्याण्णवावं स्तोत्र आणि पत्र: आजवर कधी तोंडाने बोललो नाही, पण माझं तुझ्यावर फार प्रेम आहे, अशा अर्थाचं. स्वतः दोन युद्धांत जाऊन आलेला दुकानदार!

बाबा, मुंबई विमानतळावर तुम्ही मला एवढंच म्हणालात, "बॅगेची चेन नीट लाव." मी मनात म्हटलं, एवढंच? काल त्या संग्रहालयात उभा राहून वाटलं, तेच पत्र होतं बहुधा.

युद्धानंतर तो राखीव दलात राहिला. सिनेमे करायचे आणि अधूनमधून गणवेश घालायचा. युद्धाबद्दल मात्र तोंड उघडायचा नाही, जाहिरातीत ते वापरूही द्यायचा नाही. 1957 साली ब्रिगेडियर जनरलसाठी त्याचं नाव गेलं, तर सिनेटर मार्गारेट चेस स्मिथ यांनी अडवलं. बाई स्वतः राखीव दलात लेफ्टनंट कर्नल. त्यांचं म्हणणं, युद्धानंतर याने प्रशिक्षण कितीसं घेतलंय? तुम्ही तिथे असतात तर बाईंचीच बाजू घेतली असतीत. मलाही पटलं. 1959 मध्ये तो जनरल झाला. पुढे 1966 मध्ये, सत्तावन्नाव्या वर्षी, निरीक्षक म्हणून बी-52 या बाँबफेकी विमानातून व्हिएतनामवरच्या मोहिमेतही गेला. 1968 ला निवृत्त झाला, आणि पुढच्याच वर्षी त्याचा सावत्र मुलगा, जेमतेम चोविशीतला, व्हिएतनाममध्ये मारला गेला. संग्रहालयातून मी तिथपर्यंत वाचून बाहेर आलो.

दुकान आता नाही. तिथे बँक आहे. मी रस्त्यावर उभा राहून उगीचच दार कुठे असेल याचा अंदाज बांधत होतो.

तर बाबा, सरळ लिहितो. मी परत येऊन दुकान चालवणार नाही. हे मला आठ वर्षांपूर्वीच सांगता आलं असतं, मी टाळलं, आणि तुम्हीही विचारलं नाहीत. माझ्यासाठी थांबला असाल तर थांबू नका. पण "काय ठेवलंय त्यात" हे शब्द मी मागे घेतो. तुम्हाला अजून सकाळी नऊला शटर वर करायचं असेल तर खुशाल करा. गुडघ्याचं बघा फक्त. वरच्या फळीवरचे डबे काढायला बबनला चढवा, स्वतः चढू नका. आई, तू लक्ष ठेव.

आणि द्यायचंच ठरलं, तर बिजागऱ्यांची ती लाकडी खणाखणांची पेटी कुणाला देऊ नका. प्रत्येक खणावर तुमच्या अक्षरातली चिठ्ठी आहे, तीन इंची, चार इंची. डिसेंबरात येतोय. दोन बॅगा घेऊन येईन, एक रिकामी.

तुमचा,
मन्या