विंटेजही नाही, भंगारही नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या वाहनांच्या भंगार धोरणाविषयी आपल्या दैनिकात गेल्या पंधरवड्यात जे लेखन प्रसिद्ध झाले, त्यात जुन्या मोटारींचे दोनच प्रकार गृहीत धरले होते. धूर ओकणाऱ्या आणि म्हणून मोडीत काढण्याजोग्या गाड्या हा एक, आणि संस्थानिकांच्या वाड्यांतून निघून रॅलीत मिरवणाऱ्या गाड्या हा दुसरा. या दोहोंच्या मधे आणखी एक प्रकार आहे. वडिलांची किंवा आजोबांची साधी, मध्यमवर्गीय गाडी घराच्या मागच्या पडवीत उभी असते आणि घरातले कोणी तरी सुटीच्या दिवशी, जमेल तसे, तिला पुन्हा चालती करू पाहत असते. मी स्वतः त्यांपैकी एक असल्यामुळे आणि या खटाटोपात नियमांची जी अडचण अनुभवास आली ती फारशी कोणी मांडलेली न दिसल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

माझ्या वडिलांनी १९७९ साली, काही वर्षे नंबर लावून ठेवल्यानंतर, प्रीमियर पद्मिनी घेतली. ते तालुक्याच्या गावी डॉक्टर होते. त्यांच्यामागे ती गाडी अकरा वर्षे जागची हलली नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी ती साताऱ्याला आणली, आणली म्हणजे टेंपोत घालून आणली, आणि पुढची तीन वर्षे तिच्यावर खर्च केली. नव्या पिढीतील वाचकांसाठी सांगते: वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होत असे. मूळची ती इटलीत १९५३ साली आलेली फियाट अकराशे. आपल्याकडे तिची रूपे आणि नावे बदलत गेली. कोणी तिला डुक्कर फियाट म्हटले, मग सिलेक्ट, डिलाइट आणि प्रेसिडेंट आल्या, आणि १९७४ पासून ती पद्मिनी झाली. १०८९ सीसीचे इंजिन, स्टेअरिंगवर गिअर आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक एवढ्या सामग्रीवर ही गाडी २००० सालाच्या आसपासपर्यंत बनत राहिली. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेल्या तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांना हळवे निरोप दिले. घरोघरच्या पद्मिनींचे पुढे काय व्हायचे, याची चौकशी मात्र कोणी केली नाही.

नियमांकडे वळण्यापूर्वी अशा गाडीला घरी काय करावे लागते ते थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण माझा मुद्दा त्यावरच उभा आहे. इंजिन जाम झालेले असणार हे अपेक्षितच होते. चारही प्लग काढून भोकांतून डिझेल आणि ऑइल यांचे मिश्रण सोडले, आठ दिवस थांबलो, आणि मग पुलीच्या नटाला मोठा पाना लावून रोज थोडा थोडा जोर देत गेलो तेव्हा नवव्या की दहाव्या दिवशी ते सुटले. चाकांतले ब्रेक सिलिंडर गंजून बसले होते, कारण ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि उभ्या गाडीत ते कोणी बदलत नाही. (जाता जाता एक सूचना: त्या काळच्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रम उघडल्यावर आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. पेट्रोलची टाकी घरी वेल्डिंगला घेण्याचे धाडस तर कोणीही करू नये. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा घातक असते.) ही सगळी कामे कष्टाची खरी, पण पाना फिरवण्याची तयारी आणि सुटे भाग शोधण्याची चिकाटी असली की होतात. सुटे भाग पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाले आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरही मिळाले. जिथे गाडी जन्मली त्याच कुर्ल्यात आता तिचे अवयव किलोच्या भावाने पडलेले असतात, हे पाहून मला काय वाटले ते इथे लिहीत नाही.

खरे काम होते पत्र्याचे. वडिलांच्या हयातीत एका गॅरेजने गाडीला नवा रंग दिला होता तेव्हा गंज न कापता त्यावर बोटभर लांबी (म्हणजे पुट्टी) भरून वरून रंग मारला होता, आणि त्या लांबीच्या आड गंज निवांतपणे खात बसला होता. पायाखालच्या रबरी मॅट उचलल्या तेव्हा जमीन दिसली. दारांखालच्या पेटीसारख्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी हाताने मोडत होत्या. वाचकांनी येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. जीपला किंवा ट्रकला खाली वेगळी चेसिस असते आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असते. पद्मिनीला अशी वेगळी चेसिस नाही. तळाचा पत्रा, दारांखालच्या पट्ट्या, खांब आणि छत मिळूनच तिचा सांगाडा होतो. त्यामुळे या गाडीतला तळाचा गंज हा केवळ दिसण्याचा प्रश्न उरत नाही. पट्टी सडली की गाडी मधोमध वाकते, दारे लागेनाशी होतात आणि अपघातात आतल्या माणसाला आधार राहत नाही. आमच्या इथले एक वयोवृद्ध डेंटर (गाडीच्या पत्र्याचे काम करणारे), ज्यांनी उमेदीची वर्षे याच गाड्यांवर घालवली, ते पहिल्याच दिवशी म्हणाले, “ताई, दारं काढू नका. दारं जाग्यावर ठेवून, खालून चार ठिकाणी टेकू देऊन, एका बाजूचंच कापायचं. दोन्ही बाजू एकदम कापल्या तर गाडी परत सरळ व्हायची नाही.” त्याप्रमाणे वीस गेजचा पत्रा वाकवून घेतला आणि सीओटू वेल्डिंगने एकेक बाजू करून, दर टाक्यानंतर दाराची फट मोजून, ते काम सात महिन्यांत पुरे झाले. एकूण खर्च सुमारे पावणेतीन लाख झाला आणि त्यातला निम्म्याहून अधिक पत्रा आणि रंग यांत गेला. एवढ्या पैशांत बऱ्यापैकी सेकंडहँड गाडी आली असती, हे माझ्या मुलाने मला अनेकदा सांगितले आहे.

आता मूळ मुद्दा. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली खासगी दुचाकी वा चारचाकी त्यांत येते, नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार आणि पुनर्नोंदणीचे पाच हजार आहे, आणि नोंदणी दहा वर्षांसाठी मिळते. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक ठेवता येतो, ही त्यातली सहृदय तरतूद आहे आणि तिचे मी स्वागतच करते. परंतु या नियमांत दोन अटी अशा आहेत की त्या घरी गाडी दुरुस्त करणाऱ्याच्या मुळावर येतात.

पहिली अट मूळ स्वरूपाची. चेसिस, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत बदल असलेली मोठी दुरुस्ती झालेली नसावी, असे नियम म्हणतो. हेतू उघड आहे: जुन्या गाडीच्या नावाखाली भलतेच इंजिन आणि भलतीच बॉडी कोणी नोंदवू नये. परंतु वर सांगितल्याप्रमाणे जिचा सांगाडा हीच चेसिस आहे, त्या गाडीच्या सडलेल्या पट्ट्या कापून त्याच मापाच्या, त्याच जाडीच्या नव्या बसवणे हा बदल म्हणायचा की दुरुस्ती? कठोरपणे वाचले तर गंज तसाच ठेवलेली धोकादायक गाडी मूळ स्वरूपातली ठरते आणि प्रामाणिकपणे जोडलेली गाडी बाद होते. याविषयी मी आरटीओ कार्यालयात विचारले असता संबंधितांनी सौजन्याने एवढेच सांगितले की तपासणीच्या वेळी जे असतील ते साहेब ठरवतील. तीन वर्षे राबणाऱ्या माणसाने साहेब कोण असतील यावर विसंबून पत्रा कापावा, ही अपेक्षा रास्त नाही. पूर्ववत दुरुस्ती आणि बदल यांतला फरक नियमातच चार ओळींत लिहिता येईल, आणि कामाच्या आधीची, मधली आणि नंतरची छायाचित्रे हा त्याचा पुरावा मानता येईल. माझ्याकडे अशी चारशेहून अधिक छायाचित्रे आहेत. आजवर ती पाहायला कोणी मागितलेली नाहीत.

दुसरी अट वापराची. विंटेज म्हणून नोंदलेली गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. लाखमोलाच्या मोटारींना हे ठीक आहे. पण मला माझी गाडी महिन्यातून दोनदा कासच्या रस्त्याने न्यायची आहे, दसऱ्याला झेंडूचे तोरण बांधून देवळापर्यंत न्यायची आहे. या गाड्या चालत्या राहिल्या तरच टिकतात. उभ्या राहिल्या की काय होते ते मी अकरा वर्षांच्या हिशेबासह वर लिहिले आहे.

राहिला नेहमीच्या नोंदणीचा मार्ग. त्यात पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. खासगी मोटारीचे हे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये सहाशे रुपयांवरून पाच हजार झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील गाड्यांसाठी दहा हजार झाले. शिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा. शुल्क वाढवण्यामागे जुनी गाडी ठेवणे परवडू नये हाच हेतू असल्याने त्याविषयी कुरकुर करण्यात अर्थ नाही. पण गाडी विटांवर उभी असताना, तिला चाकेही नसताना नोंदणीची मुदत संपली तर त्या काळाचे विलंबशुल्क महिन्यागणिक चढत राहते, हे मात्र न पटणारे आहे. जी गाडी रस्त्यावर नाहीच, तिने कोणता नियम मोडला? ब्रिटनमध्ये १९९८ पासून गाडी रस्त्यावरून काढून ठेवल्याचे मालकाने कळवले की तेवढ्या काळापुरता तिचा कर थांबतो, आणि ती गुपचूप रस्त्यावर आढळली तर दंड होतो. आपल्याकडे विलंबशुल्कासाठी अशी सोय करणे अवघड नसावे. माझ्या बाबतीत त्याआधी आणखी एक मजल होती: गाडीचे आरसी बुक हाताने लिहिलेले, क्रमांक एमएच येण्यापूर्वीचा तीन अक्षरी, आणि त्याची संगणकात नोंदच नाही. ही बॅकलॉग नोंद होईपर्यंत पाच खेपा झाल्या. बॉनेटखाली ठोकलेल्या चेसिस क्रमांकाचा पेन्सिलने ठसा घ्यावा लागतो, म्हणून घरी काम करणाऱ्यांनी गंज घासताना त्या जागेला पॉलिश पेपर लावू नये हेही येथे सांगून ठेवते.

प्रदूषणाचा आक्षेप मी टाळत नाही. जुने इंजिन दर किलोमीटरला नव्यापेक्षा अधिक घाण सोडते, यात वाद नाही. या वयाच्या पेट्रोल गाडीसाठी पीयूसीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के आहे. माझी गाडी प्रथम चालू झाली तेव्हा हे प्रमाण चारच्या वर होते, आणि कार्बोरेटर उघडून साफ केल्यावर, टॅपेट आणि पॉइंट नीट लावल्यावर ते दोनच्या थोडे वर आले. वर्षाला हजार किलोमीटरसुद्धा न धावणारी, मर्यादेत असलेली गाडी आणि रोज तीस किलोमीटर धावणारी, पीयूसी न पाहिलेली गाडी यांना वयाची एकच फूटपट्टी लावू नये, एवढेच म्हणणे आहे. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचाही त्रास याच गाड्यांना अधिक होतो. इथेनॉल पाणी धरते आणि जुन्या प्रकारचे रबर खाते. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा पडदा मी एका वर्षात दोनदा बदलला आणि अखेर सगळ्या नळ्या नव्या प्रतीच्या घातल्या. आता हा मूळ स्वरूपातला बदल ठरतो का, हे विचारण्याचे धाडस मी केलेले नाही.

जुन्या वाहनांच्या संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ फीवा तीस वर्षांवरील, इतिहासाशी सुसंगत अवस्थेत जपलेल्या आणि रोजच्या वाहतुकीसाठी न वापरल्या जाणाऱ्या गाडीला ऐतिहासिक वाहन मानतो. जर्मनीतही तीस वर्षांनंतर अशा गाडीला वेगळी नंबरपाटी मिळते आणि तिने फिरायला बंदी नसते. आपल्याकडे तीस ते पन्नास या वयोगटात पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडर तर येतातच, पण १९८३ च्या डिसेंबरपासून आलेल्या पहिल्या मारुतीही आता येतात. त्यांच्यासाठी वर्षाला ठरावीक किलोमीटरची मर्यादा, दरवर्षी कसून तपासणी आणि दुरुस्तीच्या काळात विलंबशुल्कातून सूट, अशी मधली नोंदणी करावी. नोंदणीचे नियम केंद्राचे असले तरी पर्यावरण कर राज्याचा आहे, त्यामुळे निदान त्यापुरती सवलत महाराष्ट्राला दिल्लीकडे न पाहताही देता येईल.

माझ्या गाडीचे नूतनीकरण गेल्या दिवाळीपूर्वी, दहा हजार रुपये भरून आणि वर विलंबशुल्क भरून, झाले. पुढचे २०३० साली येईल. तेव्हा तिला एक्कावन्न वर्षे झालेली असतील आणि माझ्यापुढे दोन अर्ज असतील: एक भरला तर ती रॅलीपुरती उरेल, दुसरा भरला तर ती भंगाराच्या वाटेवरची जुनी गाडी मानली जाईल. त्याआधी तिसरा अर्ज छापून तयार व्हावा, अशी परिवहन विभागाला आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

आपली नम्र,
एक वाचक, सातारा
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)