रेड वाइन बॅरल फिनिश बर्बनमधील गंधकाच्या दोषाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(बाटलीच्या मागील लेबलवरील आयातदार कंपनी)

विषय : सदोष बॅच परत घेणे, रक्कम परत करणे आणि डिस्टिलरीकडून खुलासा मागवणे

महोदय,

आपल्या कंपनीने आयात केलेल्या केंटकीच्या रेड वाइन बॅरल फिनिश बर्बनच्या (मक्याची अमेरिकी व्हिस्की, शेवटी रेड वाइनच्या वापरलेल्या पिंपात मुरवलेली; ५० टक्के अल्कोहोल) आम्ही दोन बाटल्या घेतल्या. त्यांतल्या गंधकाच्या वासाबद्दल पाठवलेल्या पहिल्या तक्रारीला "वाइन बॅरलचा स्वभावच असा असतो, ग्लास थोडा वेळ उघडा ठेवून पाहा" असे उत्तर आले. ते आम्हाला मान्य नाही. प्रश्न आवडीनिवडीचा असता तर बाटली कोणाला तरी देऊन टाकली असती आणि हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

रेड वाइनचे पिंप बर्बनला काय देते याची आम्हाला कल्पना आहे. काळी मनुका, चेरी, आलुबुखार, थोडे कोको आणि जिभेच्या कडांना जाणवणारा तुरटपणा. मूळ बर्बनचा व्हॅनिला आणि कॅरॅमल त्याखाली शिल्लक राहिला की फिनिश जमले म्हणायचे. पोर्ट या गोड वाइनच्या पिंपात फिनिश केलेली ४३.३ टक्क्यांची एंजल्स एन्व्ही ही बर्बन प्यायलेल्या कोणालाही हे सांगावे लागत नाही. आपल्या बाटलीत मात्र झाकण काढताच विझलेल्या आगकाडीचा वास येतो, त्यामागून तापलेल्या रबराचा आणि घोट गेल्यावर उकडलेल्या कोबीचा. फळ कुठेच नाही.

तपासणी अशी केली. ट्यूलिप आकाराच्या ग्लासांत प्रत्येकी २० मिलि, खोलीच्या तापमानाला, १५ मिनिटे झाकून. ग्लासांवर फक्त आकडे. कशात काय आहे हे ओतणाऱ्यालाच माहीत आणि तो चाखायला बसला नाही. तीन ग्लासांपैकी दोनांत याच ब्रँडची जुनी बॅच आणि एकात तक्रारीची, असा त्रिकोणी क्रम प्रत्येकासाठी बदलून ठेवला. पाचही जणांनी वेगळा ग्लास नुसत्या वासावर ओळखला. निव्वळ अंदाजाने पाचही उत्तरे बरोबर येण्याची शक्यता २४३ मध्ये एक. गंधकाचा वास काहींना खूप कमी जाणवतो, म्हणून एकाच माणसाच्या नाकावर भिस्त ठेवली नव्हती.

मग प्रत्येक ग्लासात ५ मिलि आरओचे पाणी घालून ताकद ४० टक्क्यांवर आणली. नळाचे पाणी मुद्दाम टाळले, क्लोरीनमुळे फसगत होते. चांगल्या बॅचमध्ये पाण्याने फळ वर आले, तक्रारीच्या बॅचमध्ये रबर. आपल्या सल्ल्याप्रमाणे ग्लास अर्धा तास उघडाही ठेवला. आगकाडी किंचित ओसरली, रबर जागचे हलले नाही. (बर्फ आणि कोला घातला तर दोष लपेल, पण त्यासाठी एवढी महाग बाटली कोण घेईल?)

त्यानंतर वेगळ्या ग्लासात स्वच्छ घासलेला तांब्याचा तुकडा टाकून ढवळले. हा नमुना फक्त हुंगायचा, प्यायचा नाही. रबर-कोबीसारखे वास देणारी हायड्रोजन सल्फाइड आणि मर्कॅप्टनसारखी गंधकाची संयुगे तांबे पकडते, आगकाडीचा वास देणाऱ्या सल्फर डायऑक्साइडला मात्र ते उपयोगी नाही. रबर आणि कोबी बरेच कमी झाले, आगकाडी राहिली. म्हणजे दोन्ही प्रकार हजर आहेत.

हे आले कुठून? त्याच डिस्टिलरीची फिनिश न केलेली बर्बन शेजारी ठेवून पाहिली, ती स्वच्छ आहे. भट्टीतले तांबे मद्यातले गंधक ओढून घेते, पण फिनिशिंग त्याच्या नंतरचे; तिथे तांबे नाही. रिकामे वाइन पिंप आंबू नये म्हणून आत गंधकाची वात जाळतात. असे पिंप नीट न धुता किंवा तळाचा गाळ न काढता भरले, की व्हिस्की ते सगळे उचलते. स्कॉचमध्ये शेरीच्या पिंपांमुळे हाच दोष बदनाम झालेला आहे. भरण्याआधी एकेक पिंप हुंगणे हा त्यावरचा साधा उपाय, आणि या बॅचला तो झालेला दिसत नाही.

उन्हात साठवण झाली किंवा बूच खराब निघाले, अशी उत्तरे येऊ नयेत म्हणून : सील शाबूत होते, पातळी मानेपर्यंत होती, बूच कृत्रिम आहे आणि खराब बुचामुळे येणारा ओल्या पुठ्ठ्याचा वास अजिबात नाही.

लेबलबद्दलही एक. पुढच्या बाजूला "बर्बन" ठळक आणि फिनिशचा उल्लेख भिंगातून वाचावा असा. अमेरिकी नियमानुसार बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका लागतो आणि ती नव्या, आतून जाळलेल्या ओकमध्येच मुरवावी लागते. वापरलेल्या वाइन पिंपातला मुक्काम ही त्यापुढची पायरी, आणि ग्राहक जादा पैसे त्याच पायरीचे मोजतो. तरी कोणती वाइन, किती महिने, याचा पत्ता नाही.

दोन्ही बाटल्यांची पूर्ण रक्कम परत करावी. त्याच बॅचची बदली बाटली नको. पिंपे ओली आली की कोरडी, गंधक जाळले होते का, भरण्यापूर्वी धुतली कशी आणि फिनिश किती काळ चालले, हे डिस्टिलरीकडून लेखी मागवून आम्हाला कळवावे. तोवर या बॅचची उरलेली खोकी विक्रीतून बाजूला ठेवावीत.

एक बाटली सीलबंद ठेवली आहे. उघडलेल्या बाटलीतली बर्बन छोट्या काचेच्या बाटल्यांत तोंडापर्यंत भरून ठेवली आहे, हवा लागू नये म्हणून. आपल्या माणसाने येऊन नमुना न्यावा, कुरिअरने आम्ही पाठवणार नाही. पावती, परवान्याची प्रत आणि बॅच क्रमांकाचे छायाचित्र सोबत जोडले आहे. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवू आणि पुढे ग्राहक आयोगाकडे जाऊ.

आपले,
तक्रारदार ग्राहक, पुणे