युरोपला सवलत, आपल्याला अट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबवले. त्यानंतर ‘आता नवा लॅपटॉप कोणता घ्यावा’ याची चर्चा भरपूर झाली. धडधाकट चालणाऱ्या कॉम्प्युटरच्या मालकाने काय करायचे, हे मात्र कुणी विचारले नाही.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. इंटेलचा प्रोसेसर असेल तर मोजके अपवाद वगळता तो आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. म्हणजे सातव्या पिढीचे आय-फाइव्ह मशीन, त्यात १६ जीबी रॅम आणि नवी एसएसडी का असेना, बाद! सुरक्षेचे कारण खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण कंपन्यांनी काढून टाकलेली अशीच मशीन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घेऊन कितीतरी मुले शिकत आहेत.

तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही डीटीपीच्या दुकानात डोकावून पाहा. पाने मांडायचे पेजमेकर ७, मागच्या पोर्टला खोचलेला श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल (ही चावी नसेल तर ते चालत नाही), जुन्या फॉन्टमधल्या लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकांच्या फायली. आमच्या धंद्यात मशीन बदलायचे म्हणजे हे सगळे बिऱ्हाड हलवायचे. ‘विंडोजऐवजी फुकटची लिनक्स टाका की’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. केरळच्या सरकारी शाळांनी तो मार्ग धरला आणि निभावला हे खरेच, पण त्यांच्या पाठीशी ‘काइट’सारखी सरकारी संस्था होती. दुकानदाराचा डोंगल तिकडे चालला नाही तर त्याने कुणाचे दार ठोठवायचे?

बरे, नवे मशीन घेऊन तरी सुटका आहे का? विंडोज ११ होम पहिल्यांदा सुरू करताना भाषा, कीबोर्ड निवडून झाला की इंटरनेट जोडायला सांगतात, मग कंपनीचे ऑनलाइन खाते. ‘नंतर बघू’ असे बटण नाही. पूर्वी शिफ्ट आणि एफ-१० दाबून उघडणाऱ्या काळ्या खिडकीत एक कमांड टाइप केली की हे टळायचे, दुकानातली पोरे ते सहज करून द्यायची. २०२५ मध्ये चाचणी आवृत्त्यांमधून ती पळवाटही बुजवायला सुरुवात झाली. पैसे मोजून घेतलेल्या मशीनवर काम सुरू करायला मी आधी कंपनीकडे नाव का नोंदवायचे? खाते झाले की फायली वनड्राइव्हवर, म्हणजे कंपनीच्या ऑनलाइन साठवणीत (क्लाउडवर), ठेवायचा आग्रह. तिथे फुकट जागा ५ जीबी. फ्लेक्सच्या डिझाइन करणाऱ्याला ती किती दिवस पुरणार?

खरा राग मात्र पुढच्या गोष्टीचा आहे. जुन्या विंडोजला आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षा अपडेट देण्याची सोय कंपनीने जाहीर केली. त्यासाठी ३० डॉलर किंवा तेवढी स्थानिक रक्कम भरा, नाहीतर कंपनीचे रिवॉर्ड पॉइंट खर्च करा. फुकट हवे असेल तर आपल्या सेटिंग्ज त्यांच्या क्लाउडवर चढवा. युरोपातल्या ‘युरोकन्झ्युमर्स’ या ग्राहक संघटनेने याला लेखी हरकत घेतली, बड्या टेक कंपन्यांना वेसण घालणाऱ्या तिथल्या डिजिटल मार्केट्स कायद्याकडे बोट दाखवले. सप्टेंबर २०२५ मध्ये युरोपीय आर्थिक क्षेत्रापुरती ती अट काढून टाकली गेली. लॉगिन तिथेही करावे लागते, पण पैसे नाहीत की क्लाउडची सक्ती नाही. विंडोज तेच, अपडेट तेच. तिथल्या ग्राहकाच्या वतीने कुणीतरी भांडले, एवढाच फरक.

आपल्याकडे भांडायला जागा नाही असेही नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. ट्रॅक्टर, मोबाइल, गाड्या यांचे सुटे भाग आणि दुरुस्ती हा त्याचा विषय. अपडेटअभावी भंगारात जाणारा चालू कॉम्प्युटरही त्यात बसवायला हवा. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी हा प्रश्न हाती घ्यावा, अशी या पत्राद्वारे विनंती आहे. मागण्या दोनच: युरोपला दिलेली सवलत भारतालाही द्या, आणि यापुढे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कॉम्प्युटरच्या खोक्यावर, एमआरपीच्या शेजारीच, सुरक्षा अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळतील ते छापा.

आपला,
एक डीटीपी व्यावसायिक, सांगली