अमळनेरला उतरलेल्या मॅडमना

मॅडम,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. जळगावकडे जाणाऱ्या गाडीत तुम्ही दोंडाईच्याला चढलात, माझ्यासमोर बसलात, पिशवीतून चौथीच्या पेपरांचा गठ्ठा काढलात आणि तपासता तपासता तुमचा लाल पेन अंगठ्याभोवती गर्रकन फिरला. दोन उत्तरं तपासून झाली की पुन्हा फिरायचा. मग अमळनेर आलं. एवढीच आपली ओळख, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय.

तुम्हाला ती गोष्ट किरकोळ वाटली असेल. मला नाही वाटली. पेन फिरवायचा नाद मला नववीत लागला. मी डावखुरी. वर्गातल्या पोरांना विचारलं की ते उजव्या हाताने झर्रकन फिरवून दाखवायचे आणि म्हणायचे, "बस, असंच." हळू करून एकानेही दाखवलं नाही. माझा पेन उडून बाकाखाली गेला की हशा. गणिताच्या सरांनी तर एकदा तो हातातून ओढून खिडकीबाहेर फेकला आणि म्हणाले, "आधी त्या डाव्या हाताला नीट लिहायला शिकव." पेन नवा मिळाला, पण ते वाक्य आठवलं की आजही कान तापतात. शिकवणं हाच ज्यांचा पेशा, त्यांनी असं वागू नये. त्यांच्याबद्दल माझ्या मनात अजून राग आहे आणि तो मी लपवत नाही.

त्या दिवशी मी नंदुरबारहून जळगावच्या अभ्यासिकेत परत निघाले होते. आदल्या संध्याकाळी पूर्वपरीक्षेचा निकाल लागला होता आणि यादीत तिसऱ्यांदा माझं नाव नव्हतं. हातात पुस्तक होतं, वाचत नव्हते. मी तुमच्या पेनाकडे टक लावून बघतेय हे तुमच्या लक्षात आलं आणि तुम्ही विचारलंत, "शिकानं शे का तुले?"

मी मान हलवली आणि पेन डाव्या हातात घेतला. तुम्ही ते पाहिलंत. काही न बोलता पेपर बाजूला ठेवलेत, उठून माझ्या शेजारी येऊन बसलात आणि स्वतःचा पेन उजव्या हातातून डाव्या हातात घेतलात.

मॅडम, मला आभार मानायचे आहेत ते या एका गोष्टीचे. डाव्या हाताने तुम्हालाही येत नव्हतं. पहिल्याच फेरीला तुमचा पेन खाली पडला, सीटखाली गेला. समोरचे दोघं बघत होते. तुम्ही वाकलात, पेन काढलात, पदराला पुसलात, पुन्हा पाडलात. मग माझा पडला. मी ओशाळले तर म्हणालात, "पडू दे ना माय. पेन काय पयी जास का?" (पळून जातो का?) शिंदखेडा गेलं, नरडाणा गेलं, आपण दोघी आळीपाळीने सीटखाली वाकत होतो. मधलं बोट जोरात झटकायचं नाही, नुसतं आत ओढायचं, आणि तर्जनीने वेळेवर वाट सोडायची, हे मला तेव्हा समजलं. कारण तुमचं बोट माझ्यासारखंच अडखळताना मी शेजारून बघत होते. सफाईने फिरणाऱ्या हाताकडे बघून ते कधीच कळलं नव्हतं.

माझा पेन हलका आणि आखूड होता. तुम्ही तुमच्या लाल पेनाचं टोपण काढून माझ्या पेनाच्या मागच्या टोकाला बसवलंत, पुढे माझं टोपण होतंच. दोन्ही टोकांना वजन आलं, लांबी वाढली, आणि पेन सावकाश, न डगमगता फिरायला लागला. अमळनेरच्या थोडं आधी तो अंगठ्यावरून पूर्ण फिरून परत बोटांत आला. तुम्ही टाळी वाजवलीत. मला रडू आलं आणि तुम्ही कारण विचारलं नाहीत. तेही बरं केलंत.

नंतर वाचलं की जपानमध्ये प्रवेश परीक्षा हुकल्यावर पुन्हा तयारी करणाऱ्या मुलांना 'रोनिन' म्हणतात, म्हणजे धनी नसलेला सामुराई. अंगठ्याभोवती पेन फिरवण्याच्या याच करामतीला तिकडे 'रोनिन मावाशी' असंही नाव पडलं. 'मावाशी' म्हणजे फिरवणं. नापास झालेल्यांच्या बोटांतला खेळ! अभ्यासिकेत आम्ही सगळे तेच आहोत. मी हे चार जणींना सांगितलं आणि चौघींना फिरवायलाही शिकवलं. त्यातल्या तिघी उजव्या हाताच्या. त्यांच्यासाठी मी उजव्या हाताने पेन पाडते.

आपल्याकडे अनोळखी माणसाला गाडीत सरकून जागा देतात, डब्यातली भाकरी पुढे करतात. ती माया मी लहानपणापासून बघितली आहे. पण ज्याला एखादी गोष्ट येते, त्याने समोरच्यासाठी ती न येणाऱ्याच्या जागी येऊन बसावं, चारचौघांत चुकावं, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. तुमच्या चौथीच्या पोरांचा मला हेवा वाटतो.

उतरायच्या घाईत तुमचं लाल टोपण माझ्याच पेनाला राहिलं. मी दर सोमवारी त्याच गाडीने जाते. दोंडाईचा आलं की दाराकडे बघते.